सभा नाण्याची किंमत

मेलकावेरी, कुंभकोणम्
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. चंद्रमौळीस वहिनीचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. वाणीला सांग, तिने पाठवलेली भाजणी मिळाली आणि संपलीही.

इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. कावेरीला पाणी आहे, त्यामुळे डासही आहेत. कीर्ति रोज तिरुभुवनम् ला जाते. तिच्या विणकर सोसायटीतली दिवाळीची गर्दी आता ओसरली. माझा गुडघा तसाच आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते.

यांच्या तेराव्याची पंगत उठल्यावर तू विचारलं होतंस, "वहिनी, अण्णांनी हे कसलं नाणं साठवलंय? तिरुभुवनम् च्या रेशमी साडीत जरीची तार तरी असते. याच्यामागे सोनं नाही, सरकार नाही. मग किंमत येते कुठून? फुगा आहे हा. आजच विकून टाका." वर म्हणालास, "गप्प बसता, म्हणजे तुम्हांलाही माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. विकायला मात्र मी नको म्हटलं, आणि तू रागावून गेलास. आठ महिने झाले. आता मला उत्तर सापडलं आहे.

तुझे अण्णा टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर फोनवरच्या त्या 'सभा'मध्ये जाऊन बसले, हे तू पाहिलंस. तिथे कुणीही काही लिहायचं. वाचणाऱ्याला आवडलं तर त्याने 'शाबास' दाबायचं. रोज थोडी नवी नाणी निघतात, ती शाबासकीप्रमाणे वाटली जातात. अण्णा रोज आपल्या घरातला एक शब्द लिहीत. पहिला 'भानस' होता. स्वयंपाकघराला आपण अजून भानस म्हणतो, हे वाचून परभणीच्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं की तिच्या पणजीनंतर हा शब्द तिने प्रथमच पाहिला. त्या दिवशी ते दोनदा जेवले. कीर्ति चिडवायची, "अप्पा, आज कोणता शब्द विकलात?" ते म्हणायचे, "विकला नाही गं, उसना दिला."

ऑक्टोबरात परदेशातल्या एका बड्या व्यापाऱ्याने, सभा सुरू करणाऱ्यांकडची सगळी नाणी विकत घेतली. आम्हा सगळ्यांची मिळून होतील त्याहून जास्त. ज्याची नाणी जास्त त्याचा शब्द चालतो, असा तिथला नियम. त्याने जाहीर केलं की ज्या भाषांना वाचक थोडे, त्यांची पानं पुसून टाकणार. त्यात आपली मराठी आली. सात वर्षांचे शब्द, मौळी. दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेले नाहीत.

जुनी मंडळी भांडली नाहीत. सभेचा सगळा हिशोब, लिखाणासकट, उघडा असतो आणि त्याच्या प्रती हजारो लोकांच्या संगणकांवर असतात. त्यांनी तीच प्रत घेऊन नवी सभा मांडली. येईल त्याचं लिखाण आणि नाणी तिथे जशीच्या तशी. फक्त येतो म्हणून खात्यावरचं पूर्ण नाव मुदतीत लिहायचं. ज्याचं नाव येणार नाही त्याची पानं जुन्या सभेत राहणार, म्हणजे जाणार.

अण्णांनी खात्याला माझा अंगठा आधीच जोडून ठेवला होता. काम दोन मिनिटांचं. मी ते आठवडाभर उद्यावर ढकललं.

तुला आपल्या घरची रीत ठाऊक आहे. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा एकदा यांचं नाव घेतलं, तेवढंच. रेशनच्या दुकानात विचारलं की मी कार्ड पुढे करते. बँकेत मी 'आर. अंबुजा', यांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. इस्पितळात नर्सने पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही मी चिठ्ठी दाखवली. नगरपालिकेत मृत्यूची नोंद करताना नाव तू सांगितलंस, मी बाजूला उभी होते.

मुदतीच्या दिवशी सकाळी मी रकान्यात नुसतं 'आर.' लिहून पाहिलं. लाल अक्षरांत आलं, 'नाव अपूर्ण आहे.'

मी कीर्तिला ऑफिसात फोन केला. "तू येऊन घाल."

"अम्मा, आज ऑडिट आहे, मला उठता येत नाही. आणि अंगठा तुझाच लागतो."

"अंगठा मी लावते. नाव तेवढं तू घाल."

"तोंडाने घ्यायचं नाही, एवढंच ना? मग बोटांनी लिही. बोटांना कुणी नियम घातलाय?" मग लगेच म्हणाली, "अप्पा असते तर काय म्हणाले असते सांगू? बाई, लवकर कर, टपाल निघेल."

मला हसू आलं. हसता हसता लिहून टाकलं.

पण खाली आणखी एक रकाना होता, 'खातेदार स्वतः नसल्यास कारण.' इथे तुला न सांगितलेली गोष्ट आली. ते गेल्याचं मी सभेत कुणाला कळवलंच नव्हतं. लोक विचारत होते, "काका, तब्येत बरी ना?", "काका, शब्द कुठे?" मी रोज वाचत होते आणि फोन पालथा ठेवत होते. कळवलं नाही, तोवर तिथे तरी ते नुसते लिहायचे थांबले होते.

मी लिहिलं, 'मी पत्नी. ते फाल्गुनात गेले.' अंगठा लावला. पानं गेली पलीकडे, सगळी.

मग दिवसभर फोन वाजत राहिला. नाशिक, बेळगाव, बडोदा, कुठून कुठून. परभणीच्या बाईंनी लिहिलं, "काकू, आता शब्द कोण देणार?" संध्याकाळी मी 'वैल' दिला, चुलीच्या बाजूचं छोटं तोंड. सकाळपर्यंत त्यावर एवढ्या शाबासक्या होत्या की कीर्ति म्हणाली, "अम्मा, अप्पांना मागे टाकलंस."

आता तुझं उत्तर. व्यापाऱ्याकडे ढीग तसाच आहे. नाणी तीच, हिशोब तोच, आणि नियमाने त्याचा शब्द चालतो. पण तिथे लिहायला कुणी नाही, वाचायला कुणी नाही. आज त्याचं नाणं फुकट दिलं तरी कुणी घेत नाही. आमचं नाणं, तू विकायला सांगितलंस तेव्हाच्या भावाच्या पुष्कळ वर आहे. आकडा कीर्तिला विचार, तिला सांगायची फार हौस आहे. किंमत माणसं येऊन बसतात तिथून येते, मौळी. उद्या ती उठून गेली तर किंमतही जाईल, हे मला कळतं. तू फुगा म्हणालास ते अगदीच खोटं नव्हतं. तो कोण फुगवतं, ते मात्र तू पाहिलं नाहीस.

मी विकणार नाही. आणि तुझ्यावर माझा राग नाही. इतकी वर्षं तुझं मुकाट ऐकलं, आज तू माझं ऐकलंस, फिटलं.

वर्षश्राद्धाला दोघं या. येताना एक शब्द आठवून आण, तुमच्या आईच्या तोंडचा, जो अण्णांकडून राहिला असेल. तुझ्या नावाने सभेत घालीन. शाबासकी मिळेलच असं नाही, लोक परखड आहेत.

कीर्तिचा नमस्कार. खाली सही मात्र नीट बघ. आजपासून बँकेतही हीच करणार आहे.

तुझी वहिनी,
अंबुजा रघुराम