झोपलेला हिरा

बाबा,

तुमचा हिरा खरा आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी फार उशिरा पोचते आहे. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या वेळेत पोचवण्याचं काम केलं, तेव्हा घरची एक उशिराची बातमीही नीट लिहायला हवी असं वाटलं.

गेल्या महिन्यात तुमच्या नातीच्या साखरपुड्यासाठी अंगठी घ्यायला आम्ही दोघी भंडाऱ्याला गेलो होतो. निघताना आईने नाकातली फुली काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्या फिरकीचा आटा झिजला होता. "हे बी टाकजो दुरुस्तीले तिथंच. नाक उघडं ठेवून नातजावयासमोर बसू का?" म्हणाली. दुकानात शिरल्या शिरल्या मी ती दुरुस्तीच्या काउंटरवर दिली. तिथे एक चिठ्ठी भरून द्यावी लागते, वस्तूचं नाव आणि काय काम करायचं ते. ती मी भरली आणि अंगठ्यांकडे वळले.

सराफाने दोन हिरे काढले. वजन जवळजवळ सारखं, किंमतही सारखी. पहिला पांढराशुभ्र, भिंगाखाली निर्मळ, मात्र पैलू जेमतेम. दुसऱ्यात किंचित पिवळी झाक, कडेला सुईच्या टोकाएवढा ठिपका, पण पैलू अव्वल. तुमची नात घरूनच सगळं वाचून आली होती. तिने दोन्ही हिऱ्यांच्या प्रमाणपत्रांचे कागद शेजारी ठेवले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. "आई, हाच. लग्नाची वस्तू आहे, डाग असलेली कशी घालू मी? जन्मभर तो ठिपकाच दिसत राहील मला." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज तसा होता. मुलाकडच्या बायका पाहतील आणि नावं ठेवतील, ही तिची खरी भीती. मी दुसऱ्याच्या बाजूने बोलू लागले तर म्हणाली, "तुला कसं कळतं?"

मला कसं कळतं? चौदाव्या वर्षी मी हट्टाने तुमच्या हातमागावर बसले होते, तेव्हापासून कळतं. आईने मांडीवर वळलेल्या सुतातलं सगळ्यात निर्मळ, एकसारख्या मधाळ रंगाचं सूत मी निवडून घेतलं, गाठ असलेलं एकही नाही, आणि वीतभर कोसा रेशीम विणलं. तुम्ही जेवून उठलात, हात पुसलेत आणि ते कापड अंगठ्याने दाबून पाहिलंत. "सूत साजरं हाय. ठोका कुठं हाय?" मी म्हटलं, बाबा, एक गाठ नाही यात. तुम्ही शांतपणे धागा धागा उसवायला लागलात. "रंग किड्याचा, गाठ बी किड्याची. त्यानं आपलं काम केलं. तू आपलं नाही केलं." मग माझ्या शेजारी बसून तुम्ही गाठाळ सुताचं वीतभर विणलंत, फणीचा प्रत्येक ठोका सारखा. ते उचलून दाराशी नेलंत, कारण दिव्याखाली कापड पाहणं तुम्हाला मान्य नव्हतं. उंबऱ्यावरच्या उजेडात त्या कापडावरून ऊन पाण्यासारखं सरकलं. गाठी होत्याच, दिसत नव्हत्या.

तेच मी सराफाला म्हटलं. हे दोन्ही मला उंबऱ्यावर पाहायचे आहेत. "मॅडम, माल दाराबाहेर नाही जात आमचा." बाहेर नको, उंबऱ्यापर्यंतच. त्याने एकदा छताच्या झगझगीत दिव्यांकडे पाहिलं, मग हसला आणि तबक दोन्ही हातांनी धरून, लग्नातल्या करवल्यासारखा, आमच्या पुढे चालू लागला. दाराशी बसलेला चौकीदारही उठून उभा राहिला. सावलीतला साधा सकाळचा उजेड होता. पहिला हिरा तिथे चांगला होता, पांढरा होता, आणि नुसता होता. दुसरा तबक हललं की पेटत होता. पिवळी झाक कुठे गेली ते कळेना. सराफ म्हणाला, सोन्यात बसवला की झाक तशीही दिसत नाही, आणि ठिपका कडेला आहे, तो अंगठीच्या पकडीच्या दाताखाली झाकला जाईल. तुमची नात तरी पहिल्याकडेच पाहत होती. तेवढ्यात चार पावलांवरून चौकीदार म्हणाला, "ताई, मले काही समजत नाही त्यातलं. पण इथून मले एकच दिसून रायला." त्याने दाखवला तो दुसरा. ती त्याच्या बोटाकडे पाहत राहिली. मुलाकडच्या बायकाही चार पावलांवरूनच पाहणार होत्या. "हाच द्या," म्हणाली.

आणि त्याच वेळी दुरुस्तीवाला आतून आला. फुली उघडून त्याने खडा धुतला होता, यंत्र लावून पाहिलं होतं. "मॅडम, हा हिरा हाय. आणि रंग पाहा, आत डाग नाही. असा स्वच्छ आज आमच्या तबकात नाही." मग का चमकत नाही, मी विचारलं. त्याने तो आडवा धरून दाखवला. वजन राखायच्या नादात कोणीतरी खोल कापलेला, पोट सुटल्यासारखा. वरून उजेड आत जातो आणि खालून निघून जातो, डोळ्यांकडे परत येतच नाही.

मी खुर्चीवर बसले, बाबा. आपल्या पवनीच्या घरात तुम्ही तो आणलात तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. आई चुलीपाशी लाखोरीची डाळ घोटते आहे. तुम्ही नागपूरहून आलात, चपला न काढता चौकटीत उभे, आणि कागदाची पुडी उलगडता आहात. "तीन तबकं पाह्यली. डाग नाही एक. रंग पाह्य, रंग." तुम्ही तो कसा निवडला असेल ते आता मला स्पष्ट दिसतं. पांढऱ्या कागदावर ठेवून, बोटाने फिरवून, डाग शोधत, अगदी जसे तुम्ही ढिगातून कोष निवडायचात. तुम्हाला वाटलं, हिरा कोषासारखाच, निसर्गातून असाच येतो. त्याच्यावर कोणीतरी बसून हाताने काम करतं, तिथेही ठोका असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. जगातल्या कुठल्याही कापडात तुम्ही आधी माणसाचा हात पाहिलात. या एका वस्तूत पाहिला नाही, कारण तो असतो हेच माहीत नव्हतं.

मग आसगावच्या लग्नात माझ्या काकू सगळ्यांदेखत आईला म्हणाल्या, "काहून वो बाई, तुमचा हिरा झोपून रायला का?" बायका खूप हसल्या. घराघरांत ते नावच पडलं, झोपलेला हिरा. त्याचा अर्थ काच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही एकदाच म्हणालात, "हिरा हाय तो," आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाहीत. मात्र नातेवाइकांत आई तुमच्या शेजारी बसली की तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता, हे मी पाहिलं होतं.

दुरुस्तीवाला म्हणाला, पुन्हा पैलू पाडता येतील, वजन कमी होईल पण जागा होईल. मला हे पटलं. माझ्या हिशेबात पैलू आधी, बाकी नंतर. नवी फिरकी बसवून फुली चिठ्ठीसकट परत मिळाली, ती घेऊन घरी आले आणि आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "मंग? तुले काय वाटलं होतं?" मी म्हटलं, तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस कोणाला? "कायले सांगू? मले मालूम होतं. तुह्या बापानं कधी खोटं सूत आणलं नाही घरात, खोटा हिरा आणन का?" आणि पैलूंचं काढलं तर हात पुढे करून म्हणाली, "दे इकडं. त्यानं पाहून आणला, मी त्याले कापू देऊ? झोपू दे. माहा हाय तो." तिथेच आरसा न पाहता तिने फुली घातली.

साखरपुड्याला काकूही आल्या होत्या, काठी टेकत. तुमच्या नातीने त्यांना आधी आजीची फुली दाखवली आणि मग अंगठी. आजोबांनी आणलेला हिरा आहे, खरा, यंत्रावर पाहिलाय, म्हणाली. काकूंनी चष्मा सरकवून बराच वेळ पाहिलं. "हाव वो," म्हणाल्या. "मंग मीच झोपली होती." आई हसली, आणि मला वाटतं, तुम्ही असता तर त्या दिवशी तिच्याकडे पाहिलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या मागाच्या जुन्या धोट्याबरोबर पेटीत ठेवणार आहे. सोबत दुकानातली ती चिठ्ठीही ठेवते. ती मी आईला दाखवलेली नाही. तिच्यावर वस्तूच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलं आहे, फुली, काचेची.