साक्षीनंतर उरले त्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वरची राहती जागा आणि खालचे गॅरेज माझ्या नावावर आहे. दोन्ही माझ्या मुलाला मिळावे. अट कोणतीही नाही. धाकटे दीर म्हणतात, "तुरुंगातून आलेल्याच्या हाती घर देतेस, वहिनी?" भावजी, खटल्याच्या वेळी गप्प बसलात, आताही बसा.

कारण लिहिणे भाग आहे. मुलगा आणि त्याचा भागीदार मिळून हे गॅरेज चालवत. एका संध्याकाळी दोघांची जुंपली. आवाज ऐकून मी जिन्यात आले, आणि माझ्या डोळ्यांदेखत मुलाने हातातला पाना भागीदाराच्या डोक्यात घातला. तो पडला तो उठलाच नाही. मुलगा वर आला, मोरीत हात धुतले नि म्हणाला, "आई, तू काही पाहिलं नाहीस."

पोलिसांनी गॅरेजच्या राखणदाराला उचलले. आदल्याच दिवशी त्याचे भागीदाराशी भांडण झाले होते.

मी देवाला गळ घातली, मला गप्प राहू दे. लहानपणापासून मी त्याच्याशी बोलत आले आहे. तो मोठ्याने बोलत नाही, पण नको असते तेव्हाच स्पष्ट बोलतो. मनात एकच येत राहिले: राखणदारालाही आई आहे. म्हटले, दुसरे काहीही माग, माझा जीव घे. त्याने दुसरे काही मागितले नाही.

कोर्टात त्याला स्मरून शपथ घेतली आणि पाहिले ते सांगितले. राखणदार सुटला. मुलाला जन्मठेप झाली. मी दर भेटीच्या दिवशी तुरुंगात जात असे. तो एकदाही भेटायला बाहेर आला नाही.

२. यजमान आता नाहीत. साक्षीआधी ते म्हणाले होते, "सांगायला देवाचं काय जातंय? पोटचा गोळा आपला आहे." पुढे मरेपर्यंत ते माझ्या हातचे जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचे घड्याळ आणि कोट मुलाला.

३. शिलाई मशीन, कात्र्या आणि माझ्या बांगड्या मुलीला. तिचे ठरलेले लग्न माझ्या साक्षीपायी मोडले, तरी ती कधी टोचून बोलली नाही. तिला बटणसुद्धा लावता येत नाही. मशीन विकले तरी चालेल. मोठ्या कात्रीने मात्र कागद कापू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

४. माझ्या मागे आमच्या देवळातल्या प्रवचनकारांनी माझ्यावर बोलू नये. एकदा भरल्या सभेत ते "धन्य ती माता" म्हणाले. मी तिथेच बसले होते, उठून आले. धन्य झालेल्या बाईला रोज सकाळी उशी वाळत घालावी लागत नाही. देवाचे ऐकले की शांती मिळते, असेही ते म्हणाले. मला मिळालेली नाही. तरी ऐकले ते बरोबरच होते.

५. मुलगा सुटल्यावर गेल्या वर्षी एकदा आला. केस पिकलेले. दारातूनच म्हणाला, "पाणी दे."

दिले. म्हटले, "जेवायला बस."

"आधी एक सांग. पुन्हा तीच वेळ आली, तर पुन्हा तसंच सांगशील?"

मी नाही म्हटले असते, तर तो बसला असता. त्याच्या तोंडावर दिसत होते.

"हो रे," मी म्हटले.

त्याने पेला उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेला. तो कुठे राहतो ते मुलीला ठाऊक आहे. मी विचारत नाही.

मी गेल्यावर त्याला कळवावे. आला नाही, तर कोणी बोल लावू नये. आला, तर आईचे कसे बरोबर होते हे समजावत बसू नये. ते त्याला कळते. फक्त एवढे सांगावे, की तो पेला ठेवून गेला त्या दिवशी मी त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले होते. हाक मारायची होती. आवाजच फुटला नाही.

वरील सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

लिहून देणार: शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: १. समोरच्या शाळेतल्या निवृत्त बाई (सही)
२. आमचे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर
तारीख: ११ जानेवारी