धुराड्याच्या भिंतीतली ओल

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. लेकीच्या पाटीवर तिच्याबरोबर शिकलेली अक्षरं कुठं तरी कामी यायला हवीत.

लोणावळ्याच्या पारशी शेटचा बंगला आठवतो ना, जिथं आपण गवंडीकामाला होतो? दिवाणखान्यातल्या धुराड्याच्या भिंतीला ओल धरायची, तपकिरी डाग उमटायचे. जुना गिलावा धुरानं आतपर्यंत काळा झालेला. तो तसाच ठेवून वर नवा चढवला तर काजळी ओल ओढत राहते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. चुना मी भिजवला, मीच मळला. मधे मळवलीला मावशीकडच्या लग्नाला जाऊन आले, तर भिंतीवर नव्या गिलाव्याचा पहिला हात बसलेला. दगडापर्यंत खरवडलं का, म्हणून विचारलं. तुम्ही व्हय म्हणालात. तुमचा शब्द म्हणजे मला काळ्या दगडावरची रेघ.

पावसाळा सरला, शेट आले, डाग होते तिथंच. शेट तापले तसं तुम्ही मला पुढं केलंत. "माज्या पोरीनं चुना कच्चा ठेवला, शेट. हितनं पुढं तिला हात लावू द्यायचो न्हाई." मी मान खाली घालून उभी. मला खरंच वाटलं, चूक माझीच. सासरी जाईपर्यंत मी नुसत्या विटा वाहिल्या, चुन्याच्या हौदाकडे फिरकले नाही. त्या कामात माझा जीव होता आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

आता त्याच बंगल्यात मी झाडलोट करते. नव्या मालकानं परवा ती भिंत सोलायला दुसरा गवंडी आणला. खाली पडलेली आपल्या गिलाव्याची एक खपली मी पायरीवर आपटली, तर फुटता फुटेना. आत कच्च्या चुन्याचा एक खडा नाही. आणि भिंतीवर जुना गिलावा जसाच्या तसा, काळाकुट्ट. खरवडायचा खटाटोप नको म्हणून तुम्ही पोटच्या पोरीचा केसानं गळा कापलात, आबा. इतका राग मला कुणाचा आला नव्हता.

हा कागद चुलीतच जायचा. त्याआधी एवढं सांगते. गवंडी हसत म्हणाला, "कुनी केलंया हे, मावशी? आंधळा हुता का काय?" मी म्हणाले, "मला न्हाई ठावं." तुमची अब्रू झाकावी असं तुम्ही काही केलं नव्हतंत. पण तुमचं नाव घेऊन तो हसला असता, ते मला सोसलं नसतं.