कार्डांच्या मागचं नाव

५ जानेवारी
माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. लहानपणी बबलगमच्या पाकिटात मिळायची ती क्रिकेटची कार्डं. दोन हजारांवर, रबर लावून जशीच्या तशी. असा कलेक्टर अख्ख्या केनवडात दुसरा नाही. ऑनलाइन विकणार. बायकोला, वर्षाराणीला, सांगून टाकलं की झेरॉक्सचं दुकान आता फक्त हौसेपुरतं. तिने आधी पेटी पुसायला सांगितली.

८ जानेवारी
जाहिरात टाकली. 'दुर्मिळ खजिना, घरगुती जपणूक.' रिसोड, वाशीम, सगळ्या ग्रुपवर शेअर.
सायंकाळपर्यंत एकच मेसेज: पेटी विकता का?

११ जानेवारी, सकाळी ११
पुण्याचा सिरियस ग्राहक. कार्डांच्या मागच्या बाजूचे फोटो मागतो. मागे नाव आहे. प्रत्येक कार्डावर, निळ्या पेनाने: धम्मरत्न.
आठवीत माझ्या बाकावर बसायचा. त्याच्या वडिलांना आसेगावला काम मिळालं, घर हललं, तेव्हा पेटी माझ्याकडे आली. दिली म्हणजे दिलीच. तीस वर्षांत मागितली नाही.
ग्राहकाला कळवलं, धम्मरत्न हे माझं लाडाचं नाव.

१३ जानेवारी
नाव नसलं तर भाव वाढेल. शाईचा खोडरबर आणला. चाळीस कार्डं झाली. नाव गेलं, सोबत कागदही गेला. फोटो पाठवले. ग्राहकाने ब्लॉक केलं. लोकांना जुन्या वस्तूंची कदर नाही.

१६ जानेवारी
धम्मरत्नचा मेसेज. मंगरूळपीरला मास्तर आहे. जाहिरात त्याच्या मुलीने, स्नेहाने, पाहिली; फोटोतली पेटी त्याने ओळखली. रविवारी येतो म्हणतो.
मुद्दे काढून ठेवले. तीस वर्षं झाली. माळा माझा. उंदरांपासून मीच वाचवली. केस भक्कम आहे.
जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
भांडायला आलाच नव्हता. पेटीजवळ मांडी घालून बसला आणि लेकीला सांगू लागला, की घर सोडताना सामानात जागा नव्हती म्हणून या काकाजवळ ठेवायला दिली. हा जपणार हे माहीत होतं. मग मला म्हणाला, "तुह्याजवळ होते म्हून राह्यले गड्या. माह्याजवळ असते तं कवाचेच गेले असते."
स्नेहाने नेमकं खोडलेलं कार्ड उचललं. खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. धम्मरत्नने ते तिच्या हातून घेऊन गठ्ठ्यात घातलं आणि चहा छान झाला म्हणाला.
मी म्हणालो, "तुलेच शोधाले टाकली होती जाहिरात."
वर्षाराणी उठून आत गेली. धम्मरत्नने मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी.
पेटी गाडीला बांधायला मीच दोरी आणून दिली.

२० जानेवारी
दुकानात बसून जाहिरात काढायला घेतली. अ‍ॅप विचारतं, विकलं की इतर कारण? इतर दाबलं. कारण लिहा म्हणे. गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून ताटकळत होतं, तरी मला सुचेना.
शेवटी लिहिलं, मालक आला.