दूरचं आभाळ

अमरावती, ६ जून १९६४

चि. जानराव यास,

तू परतीच्या बोटीवर बसलास. आता पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मला धीर झाला नसता.

डॉक्टरेटनंतर फेलोशिपवर विलायतेला गेलेली माणसं परत येऊन कॉलेजात टिकतात का, असा अभिप्राय तुझ्या कॉलेजच्या संस्थेनं, जुना मास्तर म्हणून, माझ्याकडे मागितला होता. तुझी जागा राखायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. मास्तरकी सुटली, कवितेचा नाद सुटला नाही बाप्पा! तुझ्या कौतुकाच्या भरात मी लिहिलं, 'दूरचं आभाळ पाहिलेलं पाखरू जुन्या फांदीवर मावत नाही.'

संस्थेचे चिटणीस पंजाबराव हसून म्हणाले, "मास्तर, तुमीच तं लिहून देल्लं, भाचा टिकत नाही म्हणून!"

तुझ्या जागी दुसरा नेमला. तुझ्या कपाशीच्या नमुन्यांचं कपाट व्हरांड्यात काढलंय. काल त्याला वाळवी लागलेली पाहिली.

तुझी आई बार्शीटाकळीहून हार घेऊन आली आहे. म्हणते, "दादा, जानराव बडनेऱ्याले उतरला का त्याच्यावर एक कविता म्हणजो. तुया कवितेनंच तं पोरगं एवढं शिकलं."

मी हो म्हटलं.

तुझा,
मोतीराममामा