सुतळी, फक्की आणि तुमची कन्या

आदरणीय दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा, कंबर परवानगी देते तेवढा वाकून, नमस्कार. ताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला की मुक्कामालाच आहे? माझं विचाराल तर छाती धडधडते, कानात शिट्टी वाजते आणि उजव्या पायाचा अंगठा परवापासून माझा वाटत नाही. या सगळ्याचं कारण तुमची कन्या.

तिला आमच्या शाळेत पीटी शिकवायला घ्या म्हणून शब्द मीच टाकला होता, हे मी विसरलेलो नाही. (तुम्ही विसरूही देत नाही.) मला वाटलं, मुलगी पळायला शिकवील. तिने पळण्याचं तत्त्वज्ञान शिकवायला घेतलं. मी सातवी पास, तेही दुसऱ्या झटक्यात, त्यामुळे मला तत्त्वज्ञान कळत नाही असं कुणी म्हणेल. पण आधीचे शिट्टी सर होते, त्यांचंही तत्त्वज्ञान होतंच की. तीन शब्दांचं : शरीर आळशी आहे. मुख्याध्यापकांचं त्याहून सोपं. शरीर हे डोकं गणिताच्या तासाला नेऊन पोचवण्यासाठी दिलेलं आहे, म्हणून परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला. या दोघांच्या राज्यात एकतीस वर्षं शिपाई म्हणून मी मैदानावर फक्कीच्या रेषा मारल्या आणि शर्यतीच्या शेवटी सुतळीचं एक टोक धरून उभा राहिलो. एवढ्या वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नाही. निवृत्तीला पाच महिने उरलेत. आणि आता या वयात मला कळलं की रेषा हेच मूळ दुखणं आहे.

मी फक्कीची बादली घेऊन निघालो तर बाईसाहेब म्हणाल्या, "मामा, रेषा माणसाने आखलेली असते." म्हटलं, "मग दुसरं कोण आखणार? मीच आखलीय." यावर ती प्रेमाने हसली. (तुम्ही नोकरीत असताना वरचे साहेब हसत ना, तसं.) तिचं म्हणणं, स्पर्धा दुसऱ्याशी नसते, स्वतःशी असते, आणि शरीर शहाणं असतं. ते आपलं आपण सांगतं, कधी थांबायचं. तेव्हा शेवटची रेषा नको, सुतळीही नको. आणखी एक : शाळेत मी तिला इमानाने मॅडम म्हणतो, पण ती सगळ्यांदेखत मामा म्हणते. परिणामी आता अख्खी शाळा मला मामा म्हणते. मुख्याध्यापकसुद्धा.

तर मंगळवारी सातवीची बेचाळीस मुलं शेवट नसलेल्या शर्यतीला सोडली. एक फेरी झाली, दोन झाल्या. शहाणी शरीरं काहीच सांगेनात. खरी गोष्ट अशी की पहिला कोण थांबणार, याचीच शर्यत लागली होती आणि ती कुणालाच जिंकायची नव्हती. तिसऱ्या फेरीला पुढच्या पोरीला मैदान अपुरं वाटलं. तिने फाटकाची कडी काढली आणि मागोमाग सगळा वर्ग रस्त्यावर. इस्त्रीवाल्याचं दुकान गेलं, पोस्ट गेलं, लाकडाची वखार गेली. मी सुतळीचा गुंडा हातात घेऊन मागे. (गुंडा का घेतला, विचारू नका. सवय.) शेवटी रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून सगळे एका ओळीत थांबले. लाल-पांढऱ्या दांडीपाशी, दाजी! म्हणजे रेषा लागलीच शेवटी. हे मी तुमच्या कन्येला तिथेच सुनावणार होतो, पण आधी दांडीला धरून दम घ्यावा लागला. ती माझ्यामागून धावत आली आणि ओरडायचं सोडून टाळ्या वाजवत म्हणाली, "मामा, दोन किलोमीटर! कुठेही न थांबता! शरीर काय म्हणतंय?" शरीर काही म्हणत नव्हतं. भात्यासारखा आवाज तेवढा येत होता.

आता गंभीर गोष्ट. पालकांची तक्रार आली. मुख्याध्यापकांनी मला लेखी जबाब मागितला आहे : मुलं बाहेर कशी गेली, काय ते खरं लिहा. तुमच्या कन्येचं हे वर्ष चाचणीचं. दोष तिच्या शिकवण्याचा ठरला तर या महिन्यातच घरी बसावं लागेल. तीन रात्री मला झोप नाही. खरं लिहावं तर ताई जन्मभर बोलणार नाही. न लिहावं तर पुढच्या वर्षी तुमची कन्या मुलांना परगावी पोचवील. माझ्या मते तुम्ही स्वतः यावं, समजूत घालून तिला घेऊन जावं आणि एखाद्या बिनधावण्याच्या नोकरीत चिकटवावं. तुम्ही याल तोवर मी जबाब लांबवतो.

ताईला नमस्कार सांगा. गुडघ्यांना शेक द्या.

तुमचा,
छाती धडधडणारा मेव्हणा

ता. क. पत्र टाकायला निघालो तोच मुख्याध्यापकांनी बोलावलं. जबाब देऊन टाकला. फाटकाची कडी लावायची मी विसरलो, असं लिहिलं. (लावली होती. चांगली आठवते.) ठपका बसला. पाच महिन्यांपुरताच आहे, वापरून टाकीन. तुम्ही यायची गरज नाही. तिला यातलं एक अक्षर कळवू नका, नाहीतर त्यातूनही तत्त्वज्ञान काढील.

ता. क. २. तुमच्या माळ्यावर जुने कॅनव्हासचे बूट पडलेले असतात, ते येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडा. माप आपलं एकच आहे. रोज सकाळी सहाला रेल्वे फाटकापर्यंत जायचं ठरलंय. कोणाबरोबर, ते विचारू नका. नाड्या नसल्या तरी चालेल. सुतळीचा गुंडा आहे, आणि त्याला आता दुसरं काम राहिलेलं नाही.