पलीकडच्या बुसियातला जांभळा मांडव

तीर्थरूप अक्कास,

भार्गवाचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? दाजींची वाचा अखंड चालू असेल, म्हणून त्यांची प्रकृती विचारत नाही.

आधी तक्रार, आणि ती गंभीर आहे. तू पाठवलेलं मेतकूट मला मिळालं नाही. मी राहतो ते युगांडातलं बुसिया. सरहद्दीच्या फाटकापलीकडे केनियात आहे तेही बुसियाच. पुडकं तिकडे शाल्मलीच्या सासरी गेलं आणि तिने ते भाताबरोबर संपवलं (सातवा महिना आहे, म्हणून बापाने क्षमा केली).

तू विचारलंस, तिकडे केनियात निवडणूक ऑगस्टात, बाळंतपणही ऑगस्टात, सगळं स्थिर आहे ना, मी येऊ का. येण्याची काही गरज नाही. आमच्या पूर्व आफ्रिकी संघाची जकात एक झाली, आता नाणंही एक करू म्हणतात. मी अंघोळ इकडे करतो आणि लेकीकडे चहाला तिकडे जातो. फाटकावरचा शिपाई ओळखपत्र बघत नाही, नुसतं विचारतो, "आजोबा, नाव ठरलं का?" (अख्खा अमरकोश पाठ असलेल्या माणसाला एक नाव सुचू नये, याचं त्याला नवल वाटतं.)

स्थैर्याचा पुरावाच देतो. संघाच्या एका समितीने परवा पलीकडच्या बुसियात सभा ठेवली. विषय, राजकीय स्थैर्य आणि आर्थिक विकास. मांडव अर्थात माझा. (पाठशाळेत शिकलेला भाऊ परदेशात मांडव-खुर्च्या भाड्याने देतो, हे तू अजून शेजारी सांगत नाहीस, ठाऊक आहे मला.) निवडणुकीचं वर्ष, तेव्हा कापड कुठल्याच पक्षाचं नको. आमच्या बाजूला जांभळा रंग कुणाचाच नाही, लग्नं-बाप्तिस्मे सगळे त्यातच उरकतात. म्हणून जांभळा घातला. जकात एक झाली तरी रंग एक झाले नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पलीकडे जांभळा म्हणजे ओजियांबो नावाचा उमेदवार, आणि त्याच्या सभेला जाईल त्याला साखर मिळते.

बघता बघता बाजार ओस पडला आणि मांडव भरला. संघाच्या मुख्य कचेरीतून, अरुशाहून आलेले डॉ. म्वाईपोपो ती गर्दी बघून गहिवरले. तूट, महागाई, गंगाजळी यांवर ते बोलत राहिले आणि वाक्यावाक्याला टाळ्या पडत राहिल्या, कारण टाळी जोरात पडली की साखर लवकर येते असा इथला अनुभव आहे. पहिल्या रांगेत आमच्या विहीणबाई नाफुला, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन. मला म्हणतात, "व्याहीबुवा, तुमचा माणूस बोलतो छान, पण वाटणार कधी?"

मी म्हटलं, साखर नाही, विकास आहे.

"म्हणजे पुढच्या वेळी," त्यांनी शेजारणीला समजावलं.

एवढ्यात हिरव्या टोप्यांची, म्हणजे ओजियांबोच्या विरोधातली पोरं आली. हातात दगड. विहीणबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "काय रे वांडेरा, तुझी आई तिसऱ्या रांगेत बसलीय. नेम धरून मार हो, नाहीतर मला लागेल." सगळा मांडव हसला. वांडेरा ओशाळला, दगड टाकून आईशेजारी जाऊन बसला, आणि टाळ्याही वाजवू लागला. डॉक्टरसाहेबांनी अहवालात लिहिलंय, तरुणांचा सहभाग उत्साहवर्धक.

तेव्हा काळजी नसावी. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
भार्गव

ता. क. – विहीणबाईंनी साखरेऐवजी माझ्या सहा खुर्च्या नेल्या. परत मागायची हिंमत नाही.

आणखी एक – येऊ नकोस म्हणून वर लिहिलंय ते खोडून वाच. जुलैतच ये, आणि माझ्याकडे नको, शाल्मलीकडे उतर. जावई वेकेसा शाळामास्तर, त्यामुळे त्याला मतदान केंद्रावर नेमलंय. मोजणी संपेपर्यंत तो घरी नसेल. परवा पोरं हसली म्हणून निभावलं. मोजणीच्या दिवशी हसतीलच असं नाही. काही बिघडलं तर आधी फाटक बंद होईल, आणि मी अलीकडे राहीन. शाल्मलीची आई आज असती तर तिलाच आत्ता लेकीजवळ पलीकडे धाडली असती. मला भीती वाटते, अक्का. इथे हे कुणाला बोललेलो नाही.